राधीच्या दुधाचं पनीर

पनीर म्हटलं की आमच्याकडच्या लोकांना लग्नातली लाल तर्री आठवते. तिच्यात चार तुकडे पोहत असतात आणि वाढपी ते हात आखडून वाढतो. त्यामुळे मी पांढरं, गार, बिनतर्रीचं पनीर कोबीच्या पानात गुंडाळून विकायला ठेवलं, तेव्हा पहिल्या गिऱ्हाइकानं ते उलटंसुलटं करून पाहिलं आणि विचारलं, "काकू, ह्याला शिजवायचं कदी?"

शिजवायचं नाही, तसंच खायचं, हे सांगण्यात माझं निम्मं आयुष्य गेलं. अंबाजोगाईत मोठ्या दवाखान्याच्या मागच्या गल्लीत आमचं घर. रस्त्याकडच्या खिडकीचे गज काढले आणि तेच दुकान झालं. पाटी कधी लावली नाही. लोक 'गुंडाळीवाल्या काकू' म्हणायचे आणि सुमन हे नाव फक्त रेशनकार्डावर उरलं. मागच्या वर्षी बोटांच्या सांध्यांनी दगा दिला, तेव्हा खिडकीला पुन्हा गज बसवले. दिवाळी अंकासाठी लिहा म्हणून जी मुलगी आली होती, तिला वाटलं मी पाककृती देईन. पाककृती देतेच. पण तिच्याबरोबर एक माय आणि तिचा लेक येतात, त्यांना दाराबाहेर ठेवून मला ती सांगता येत नाही.

सुरुवात आमच्या यजमानांपासून झाली. ते एस.टी.त कंडक्टर. बसस्टँडवरची भजी खाऊन खाऊन छातीत जळजळ लावून घेतली होती. गाडी पहाटेची, आणि पहाटे उठून कुणाला ताजं करून देण्यातली मी बाई नव्हे, हे स्पष्टच सांगते. म्हणून आदल्या संध्याकाळी करून ठेवता येईल, सकाळी गार खाता येईल आणि पोटाला जड होणार नाही, असं काहीतरी मी शोधत होते. त्यातून ही गुंडाळी निघाली.

करायला सोपी आहे, पण लाडात आली की बिघडते. दूध उकळू द्यायचं, गॅस बारीक करायचा आणि लिंबाचा रस कोमट पाण्यात मिसळून धारेनं सोडायचा. हिरवट पाणी वेगळं दिसलं की हात आवरायचा. पुढं पिळत राहिलात तर पनीर रबरासारखं होतं. मग मलमलीच्या फडक्यात गाळून वरून गार पाणी ओतायचं, म्हणजे लिंबाचा आंबटपणा जातो. हॉटेलवाले त्याच्यावर दगड ठेवतात. मी नुसतं खुंटीला टांगते, कारण मला वडी नको असते, मऊपणा हवा असतो. नंतर तळहाताच्या टाचेनं मळायचं, लोण्यासारखं होईपर्यंत. त्यात किसलेलं गाजर, बिया काढून पिळलेली काकडी, वाफवलेला पालक, कोथिंबीर, भाजून कुटलेलं जिरं. मीठ अगदी शेवटी. मीठ आधी पडलं की भाजी पाणी सोडते, आणि रात्रभर ठेवायच्या पदार्थाचा पाण्याएवढा मोठा वैरी नाही. कोबीचं पान उकळत्या पाण्यातून काढून लवचीक करायचं, त्यावर हे पसरायचं, गुंडाळायचं, ओल्या फडक्यात बांधून फ्रिजमध्ये ठेवायचं. सकाळपर्यंत सगळ्यांची एकमेकांशी ओळख होते.

गिऱ्हाइकं एकेक नमुनेदार मिळाली. एका निवृत्त मास्तरांना पोटात अल्सर होता. डॉक्टरांनी तिखट बंद केल्यावर ते माझ्याकडून गुंडाळी नेत आणि खिशातून आणलेला ठेचा गल्लीच्या कोपऱ्यावर त्यात भरत. मी पाहिलं की म्हणत, "काकू, तुम्ही पाहिलं नाही." यजमानांच्या गाडीचा एक ड्रायव्हर डबा इंजिनाच्या बॉनेटवर ठेवायचा. परळीहून परत आला तो भांडायलाच. "तुमची गुंडाळी आंबली." मी म्हटलं, "आंबली नाही, तुम्ही ती उबवली." आठ दिवस माझ्याशी बोलला नाही, नवव्या दिवशी दोन घेऊन गेला.

पण खरं गिऱ्हाईक दवाखान्यातलं. रुग्णांना आहार सांगणारी एक तरुण मॅडम तिथं होती. ती स्वतः माझ्याकडून डबा न्यायची, म्हणून कोणाला काय चालेल हे तिला ठाऊक होतं. ज्यांना चावता येत नाही, तिखट सोसत नाही, त्यांना ती खिडकीवर पाठवायची. त्यात गुटख्यानं तोंड आखडलेली माणसं पुष्कळ. ज्यांनी हे पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगते. गालाची आतली कातडी हळूहळू ताठ होते आणि जबडा उघडेनासा होतो. आधी भाकरीचा घास जात नाही, मग केळं जात नाही, मग चमचा आडवा घालावा लागतो. जिभेला मिरची नुसती लागली तरी डोळ्यांतून धारा. घरात सगळं रांधलेलं असतं आणि माणूस ताटासमोर उपाशी बसतो.

गयाबाई अशाच एकाची आई. घाटनांदूरच्या रस्त्यावर त्यांचं गाव. पहिल्यांदा आली ती हातात किटली घेऊनच.

"दवाखान्यातल्या पोरीनं धाडलंय," ती म्हणाली. "माज्या लेकाचं तोंड उगडत न्हाई. तुमी मऊ काय तरी करता म्हनं."

"करते मावशी."

"मग दूद माज्या राधीचं घ्या. पिशवीचं त्याला नगं."

राधी म्हणजे तिची देवणी जातीची गाय. राधी कालवड असतानाच तिची आई मेली होती आणि गयाबाईनं तिला बोटं चाटवून दूध पाजलं होतं. राधीबद्दल ती इतकं बोलायची की मला त्या गाईच्या आवडीनिवडी पाठ झाल्या. लेकाबद्दल कमी बोलायची. त्याचं नाव बालाजी. कारखान्याला ऊस नेणाऱ्या ट्रॅक्टरवर तो ड्रायव्हर होता. दोन ट्रॉल्या ओढताना डोळा लागू नये म्हणून गुटख्याची पुडी गालात ठेवायची, हे त्याच्या सगळ्या सोबत्यांसारखंच. आता गालात गाठ होती. सर्जननं सांगितलं होतं की गाठ काढता येईल, पण अंगात ताकद पाहिजे. वजन वाढलं की तारीख. बायको दोन लेकरं घेऊन ऊसतोडीच्या टोळीबरोबर कारखान्यावर गेलेली, त्यामुळे सगळं मायवरच.

अशी आमची रोजची देवघेव ठरली. गयाबाई सकाळी काळी-पिवळी जीपनं यायची, राधीचं दूध द्यायची आणि आदल्या दिवशीच्या दुधाचा तयार डबा घेऊन तीच जीप गाठायची. रात्रभर ठेवायच्या पदार्थाचं असंच असतं. खाताना सगळे पाहतात, करताना कुणी पाहत नाही. दुधाचं मी काय करते ते तिनं विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही, कारण सांगण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलंच नव्हतं. ती समजून होती की मी दूध आटवून घट्ट करते.

एकदा बालाजी तपासणीला आला तेव्हा स्वतः खिडकीवर आला. उंच, हाडं दिसणारा, पण डोळे मिश्कील. दातांच्या फटीतून बोलायचा.

"काकू, गुंडाळी चवीला लई भारी हाय. पन माजं तोंड म्हंजे टपालाची पेटी झालंय. पातळ आसंल तेवडंच आत जातंय."

"मग पातळ करते."

"पोस्टकार्डाएवडं करा. पाकीट नगं."

त्या दिवसापासून त्याच्यासाठी मी गुंडाळी करणं सोडलं. गाजर आणि दुधीभोपळा वाफवून पनीरमध्ये घोटायचे, काकडीचा कीस पिळून त्यात घालायचा, मिरी नाही, जिरंसुद्धा नाही. ते तव्यासारख्या सपाट थाळीत पातळ थापायचं आणि दुसऱ्या दिवशी सुरीनं पट्ट्या कापायच्या. पट्टी दातांच्या फटीतून सरकवायची आणि जिभेनं टाळूला दाबायची, की आपोआप विरघळते. पुढच्या तपासणीला आला तेव्हा खिडकीत डोकं घालून म्हणाला, "काटा हालला, काकू!" मी इतकी खूश झाले की शेजारणीला बोलावून सांगितलं. तिला काही कळलं नाही, तरी तीही खूश झाली.

जीप सीटा भरल्याशिवाय हलत नाही. एका सकाळी सीटा भरल्या नाहीत म्हणून गयाबाई पाणी प्यायला परत आली. खिडकीवर मी नव्हते, तेव्हा दारातून सरळ स्वयंपाकघरात. तिचंच दूध गॅसवर होतं आणि मी नुकतंच लिंबू सोडलं होतं.

"अगं बाई, नासलं की गं!" म्हणत ती गॅस बंद करायला धावली.

"नासलं नाही मावशी, नासवलं. असंच करायचं असतं."

तिचा हात तसाच राहिला. "राधीचं दूद? तू हातानं नासवलंस?"

"रोजच. त्याचंच तर होतं ते."

"कावून?" ती म्हणाली. ती गॅसपासून मागं सरकली.

तिच्या घरात दूध उतू गेलेलं चालायचं, मांजरानं प्यालेलं चालायचं. आपोआप नासलं तर परसात खड्डा करून पुरायचे, जनावरालासुद्धा द्यायचे नाहीत. आणि मुद्दाम नासवणं म्हणजे गाईनं भरल्या सडानं दिलेलं झिडकारणं. हातानं दूध नासवलं की गाय आटते आणि ज्याच्यासाठी नासवलं ते माणूसही आटतं, असं तिच्या सासूनं तिला सांगितलं होतं आणि सासूला तिच्या सासूनं.

मी वाद घातला. माझा स्वभावच तो. "मग दही लावता ते काय असतं?"

"दही लागतं बाई. नासत न्हाई."

"पिशवीचं दूध घेते मग. राधीचं नको."

"पिशवीच्या मागं बी कोनाची तरी गाय हायच की."

तिनं रिकामी किटली उचलली आणि गेली. त्या दिवसाचा डबा खिडकीतच राहिला. मला भयंकर राग आला होता. एवढं करून वर मीच पापी ठरले होते. दोन दिवस मी भांडी आपटली. तिसऱ्या दिवशी पिशवीच्या दुधाच्या पट्ट्या करून जीपवाल्याबरोबर पाठवल्या. डबा परत आला, फडक्याची गाठसुद्धा सुटलेली नव्हती. असं आणखी काही दिवस चाललं. मग दवाखान्यातली ती मॅडम खिडकीशी आली. "काकू, बालाजीचं वजन उतरलंय. ऑपरेशनची तारीख देता येत नाही म्हणतायत. काय झालं?"

मी तिला सांगितलं. ती बिचारी हसली नाही की रागावली नाही. म्हणाली, "मग तुम्हीच जाऊन या."

यजमानांना सुट्टी होती, त्यांना खिडकीवर बसवलं आणि मी डबा घेऊन गयाबाईच्या गावी गेले. पत्र्याचं घर, पुढं सारवलेलं अंगण, गोठ्यात राधी. तांबूस-पांढरी, शांत. बालाजी बाजेवर बसून गाळलेली पेज पीत होता. निम्मी हनुवटीवर सांडत होती. मला पाहून त्यानं ती टॉवेलनं पुसली.

"पोस्टकार्ड आनलं?" तो म्हणाला.

"आणलंय. खा आधी."

त्यानं डबा उघडून पाहिला आणि पुन्हा झाकण लावलं. "काकू, खायाची लई इच्छा हाय. खोटं कावून बोलू? पन डबा आला की आई राधीच्या गळ्यात पडून रडायली. तिला वाटतंय ह्यो घास न्हाई, इख हाय. तिला तसं रडवून काय अंगी लागंल?"

"अरे, पण ऑपरेशन?"

"झालं तर झालं."

गयाबाई गोठ्यात शेण काढत होती. तिच्या हातातलं फावडं थांबलं, ते मी पाहिलं. ती आमच्याकडे वळली नाही. मी तिच्याशी बोलायला गेले, तर तिनं राधीला दावं सोडून पाण्यावर नेलं. मी डबा परत घेऊन आले. जीपमध्ये मांडीवर तो डबा घेऊन बसले होते आणि डोळे पुसत होते. शेजारच्या बाईनं विचारलं, दवाखान्यात कोण आहे? मी म्हटलं, माझाच आहे एक.

दुसऱ्या दिवशी मी खिडकी उघडली तर गयाबाई पायरीवर बसलेली. किटली पदराखाली. आत आली, मोरीत हातपाय धुतले आणि डोक्यावरून पदर घट्ट ओढून घेतला.

"गॅस लाव," म्हणाली. दूध वर आलं तशी तिनं हात पुढं केला. "लिंबू माज्याकडं दे."

"मावशी, मी करते की. तुम्ही बाहेर बसा."

"तू नगं. तुला बी लेकरं हायती. नासवायचंच आसंल तर त्याच्या मायनं नासवावं. काय लागायचं ते मला लागू दे. त्याला नगं, राधीला नगं, तुला नगं."

तिनं भिंतीकडं तोंड केलं आणि लिंबू पिळलं. थोडा रस ओट्यावर सांडला. "फाटलं का?" तिनं विचारलं.

"फाटलं."

"गाईमाय, माफ कर," ती भिंतीलाच म्हणाली.

मी पुष्कळ लोकांना पनीर करायला शिकवलं आहे. असं पनीर कुणी केलेलं मी पाहिलेलं नाही. त्यानंतर रोज ती येऊन स्वतः लिंबू पिळायची, रोज भिंतीकडं बघून, आणि रोज विचारायची, "फाटलं का?" भांड्यात तिनं एकदाही पाहिलं नाही. पुढं मळणं, भाजी घोटणं, थापणं माझ्याकडं. घरी लेकासमोर मात्र ती रडायची नाही. त्याला तिनं सांगितलं होतं की काकूनं दुसरी रीत काढली आहे, आता काही नासवावं लागत नाही. हे मला तिनंच सांगितलं आणि वर दम दिला, "तू तोंड उगडशील तर बग."

मी तोंड उघडलं नाही. बालाजी खात गेला. काटा पुन्हा सरकला. तारीख मिळाली, लातूरची. निघायच्या आदल्या दिवशी तो स्वतः आला. गालावर थोडं मांस दिसत होतं, की मलाच दिसत होतं कोण जाणे. म्हणाला, "परत आलो की तोंड मोटं उगडंल. मग पाकीट करा काकू, तुमी सांगितलेल्या त्या बॉनेटवाल्या डायवराला देता तसलं. भरलेलं."

ऑपरेशन नीट झालं, असं सगळे म्हणाले आणि ते खरंच होतं. डॉक्टरांनी त्यांच्या परीनं काही कमी केलं नाही. बायको कारखान्यावरून लेकरं घेऊन आली. तो घरी आला तेव्हा नाकातून नळी होती. नळीतून पनीर जात नाही. मी पनीरचं गाळून राहिलेलं पाणी पाठवायचे, डाळीच्या कटात मिसळून. त्याच सुमारास राधीनं दूध देणं बंद केलं. नळी निघेल, मग पाकीट करू, असं मी मनात धरून होते. पण आजार मानेपर्यंत पोचलेला होता. नळी निघालीच नाही. गुढीपाडव्याच्या आत बालाजी गेला.

मी मातीला गेले होते. बायकांच्या गर्दीत गयाबाई एकदाही मोठ्यानं रडली नाही. मला बरं वाटलं, म्हटलं बाई खंबीर आहे. मला काय कळणार होतं.

तेरावं झाल्यानंतर एका बाजाराच्या दिवशी ती खिडकीशी आली. हातात किटली नव्हती. मी दार उघडलं, चहा ठेवते म्हटलं. ती बसली नाही. चौकटीला धरून उभी राहिली.

"बाई, एक इचारू?" ती म्हणाली. "म्या दूद नासवलं म्हनून त्यो गेला का गं?"

माझ्या हातातलं पातेलं मी खाली ठेवलं. "नाही मावशी. गुटख्यानं गेला. आजारानं गेला. तुम्ही नासवलं म्हणून तर ऑपरेशनपर्यंत पोचला."

"आदी राधी आटली. मग त्यो गेला. सासू म्हनायची तसंच."

"राधी गाभण होती ना? गाभण गाय आटतेच की."

"ते बी खरं हाय," ती म्हणाली. "गाभन हुती खरं." मग पदरानं तोंड पुसलं, चहा घेतला आणि बाजाराला गेली. तिच्या मनातलं गेलं असं वाटून मला रडू आलं.

पुढच्या बाजाराला ती पुन्हा आली. त्याच जागी उभी राहिली, तेच विचारलं, त्याच शब्दांत, जणू पहिल्यांदाच विचारते आहे. राधी व्याली, कालवड झाली, हे सांगायला आली तेव्हाही निघताना विचारलं. राधीचं दूध ती आता स्वतः पीत नाही, नातवंडांना देते. मी चिडून पाहिलं, देवाची शपथ घेऊन पाहिलं, आहाराच्या मॅडमकडे नेऊन तिच्या तोंडून सांगवलं. ती सगळ्यांचं ऐकते, मान हलवते, "खरं हाय" म्हणते. घरी जाईपर्यंत ते टिकत असावं. नंतर सासू, तिची सासू आणि ते भिंतीकडं तोंड करून पिळलेलं लिंबू तिला गाठतात. आपल्या लेकासाठी तिनं जे केलं, त्याच्याएवढं धाडस मी कुणाचं पाहिलेलं नाही, आणि त्याच धाडसानं तिला धरून ठेवलं आहे. मला याचं फार वाईट वाटतं. यावर माझ्याकडं काही उपाय नाही.

खिडकीला गज बसवले, तरी बाजाराच्या दिवशी मी दार उघडं ठेवते. ती येते, चौकट धरते आणि विचारते. मी हातातलं काम ठेवते, तिच्या डोळ्यांत बघते आणि म्हणते, नाही मावशी, तुमच्यामुळं नाही. पहिल्या दिवशी म्हणाले होते तेवढ्याच जोरानं म्हणते. जोर जरा कमी पडला तर ती जास्त वेळ उभी राहते, हे माझ्या लक्षात आलं आहे. मग ती हळूच मान हलवते, पिशवी उचलते आणि बाजाराकडं चालू लागते. पुढच्या बाजारापर्यंत तिला तेवढं पुरतं.